टाकी भरलेली, नळ कोरडा: पाणी वितरणातल्या या चुका टाळा

शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही अशी तक्रार आली, की पहिला दोष पाइपच्या माथी मारला जातो. लाइन जुनी झाली, व्यास कमी पडतो, मोठी टाका. खोदाईचा खर्च मांडण्याआधी त्या भागाकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह तपासा. दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि नंतर अर्धाच उघडलेला व्हॉल्व्ह कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

यासाठी प्रेशर गेज पुरतो. पाण्याचा वापर थांबलेला असताना आणि पुरवठा जोरात चालू असताना, अशा दोन्ही वेळी दाब घ्या. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 15 मीटर उंच असेल, तर पाणी स्थिर असताना गेजवर साधारण 1.5 किलो (म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर 1.5 किलो) दाब दिसायला हवा. तेव्हा दाब बरोबर आणि वापर सुरू होताच एकदम पडला, तर वाटेत अडथळा आहे किंवा पाइप खरोखरच अपुरा आहे. मग व्हॉल्व्हच्या अलीकडे-पलीकडे मोजत गेलं की अडथळा सापडतो. वापर बंद असूनही दाब कमीच असेल, तर एखादा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का किंवा मोठी गळती आहे का, ते शोधा.

चावी अडली म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, असं समजू नका. गंजलेला स्पिंडलही (चावीनं फिरणारा दांडा) अडतो. कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो आणि कोणत्या बाजूला (उलटे फिरणारेही असतात), हे वहीत लिहिलेलं हवं. शिवाय वर्षातून एकदा तरी प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद-चालू करून पाहावा, नाहीतर लाइन फुटते त्या दिवशी नेमका तोच हलत नाही. स्लूस व्हॉल्व्ह (पाचर वर-खाली करून पाणी सोडणारा-अडवणारा) अर्धवट उघडा ठेवून पाणी वाटायची सवयही मोडा. आतली पाचर थरथरून झिजते आणि पुढे तो घट्ट बसत नाही.

घाईनं बंद करणं

लोखंडी लाइनमध्ये सेकंदाला 1 मीटर वेगानं वाहणारं पाणी झटक्यात अडवलं, तर जवळपास 10 किलोचा जादा दाब तयार होतो. जुने जोड तिथेच उखडतात. 1 किलोमीटर लाइनमध्ये ही दाबाची लाट जाऊन परत यायला सुमारे 2 सेकंद लागतात. प्रवाह त्याआधी तुटला तर तडाखा पूर्ण बसतो. सगळ्यांना फसवणारी गोष्ट अशी, की स्लूस व्हॉल्व्हचे पहिले बरेच फेरे फिरवले तरी प्रवाह फारसा घटत नाही. खरा फरक शेवटच्या थोड्या फेऱ्यांत पडतो. ‘आता झालंच’ म्हणून हात जिथे भरभर चालतो, तिथेच तो सगळ्यात हळू चालायला हवा.

रिकामी लाइन भरतानाही तेच. आधी हवा बाहेर पडू द्या, म्हणजे उंचवट्यावरचे एअर व्हॉल्व्ह चालू असले पाहिजेत. त्यांचे चेंबर उघडून बघा. अनेक ठिकाणी एअर व्हॉल्व्ह गढूळ पाण्यात बुडालेला असतो. लाइन रिकामी होताना तो हवेऐवजी तेच पाणी आत ओढतो. चेंबर कोरडं ठेवणं हे म्हणूनच आरोग्याचं काम आहे.

पावडर वाढवून भागत नाही

क्लोरिन टाकीपाशी तपासून वहीत आकडा लिहिला, एवढ्यावर थांबू नका. तपासणी शेवटच्या नळाला करा. तिथे किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. अंतरानुसार ते हळूहळू घटणं स्वाभाविक आहे. पण एखाद्या गल्लीत ते एकदम शून्यावर आलं, तर तिथे बाहेरचं पाणी आत शिरतंय असा संशय घ्या. टाकीत ब्लीचिंग पावडर दुप्पट केल्यानं ते छिद्र बुजत नाही.

पावडरीचा हिशोबही चुकतो. 1 लाख लिटरला 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा द्यायची तर 100 ग्रॅम क्लोरिन लागतं. ताज्या, 33 टक्के क्लोरिनच्या पावडरीचे ते 300 ग्रॅम होतात. तीच पावडर उघड्या पोत्यात राहून 20 टक्क्यांवर आली, तर 500 ग्रॅम.

बंद टोकांना साचलेला गाळ नळ सोडून ठेवल्यानं निघत नाही. सेकंदाला सुमारे 1 मीटर वेग हवा; 100 मिलिमीटर लाइनमध्ये तो सेकंदाला 8 लिटरच्या आसपास भरतो, म्हणजे 20 लिटरची बादली अडीच सेकंदांत. टाकीच्या बाजूकडून सुरुवात करून टोकाकडे धुवत जा.

फुटलेली लाइन जोडताना

शक्य असेल तिथे खड्डा खणून होईपर्यंत लाइनमध्ये थोडा दाब राहू द्या. खड्ड्यातलं पाणी पाइपच्या खाली उतरल्याशिवाय पाइप कापू नका. नवा तुकडा आणि जोड क्लोरिनच्या द्रावणानं पुसून घ्या. जोडणी झाल्यावर लाइन धुवा, पाणी स्वच्छ येऊन क्लोरिन दिसलं की मगच पुरवठा सुरू करा.