गुडघ्याला कळलेला प्रतीत्यसमुत्पाद

विपश्यनेच्या ध्यान-शिबिराला पहिल्यांदा जाणारे आधी विचारतात, कोणतं पुस्तक वाचू? मी म्हणतो, वाचा, पण माझ्यासारखं नको.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला, हिशेबाच्या धंद्यातला माणूस. वहीत उतरल्याशिवाय मला काही पटत नाही. दोन वर्षं मी अभिधम्माची, म्हणजे मनाची बारीक चिरफाड करणाऱ्या बौद्ध ग्रंथांची, वही केली. ८९ चित्तं (मनाच्या अवस्था), ५२ चेतसिकं (त्यांच्यासोबत येणारे मनाचे घटक), तक्ते आखून, लाल शाईच्या खुणा करून. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं ते सांगणारी बारा निदानांची (कारणांची) साखळी, तर तोंडपाठ: स्पर्शामुळे वेदना (नुसतं दुखणं नव्हे, सुखद-दुःखद कुठलीही संवेदना), वेदनेमुळे तृष्णा, तृष्णेमुळे उपादान, म्हणजे धरून बसणं. गुजरातमधल्याच देवनी मोरीच्या बौद्ध स्तूपात सापडलेली दगडी अस्थिमंजूषा (अस्थी ठेवायची पेटी) इथल्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि तिच्यावर हाच प्रतीत्यसमुत्पाद कोरलेला आहे. आल्यागेल्याला हे मी असं ऐकवायचो, जणू ते अक्षर मीच कोरलंय.

मग दहा दिवसांच्या शिबिराला बसलो. फोन जमा, वही-पेनही जमा. फोनचं काही वाटलं नाही, वही देताना मात्र हात अडला. पहाटे ४ ला घंटा, ४.३० ला ध्यान, ११ ला जेवण, ५ ला चहा आणि थोडं खाणं, ९.३० ला दिवे बंद. फी नाही, शेवटी ज्याला द्यायचंय त्याने दान द्यावं.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांखालच्या एवढ्याशा जागेवर येणारा-जाणारा श्वास, बस. तिसऱ्या संध्याकाळी मन असं निवलं की वाटलं, जमलं! नव्या माणसाला सांगायचं ते इथेच. ती समाधी होती, म्हणजे मनाची एकाग्रता; प्रज्ञा, म्हणजे खरी समज, नव्हे. आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त या आपल्या गुरूंकडे गौतमाने (पुढच्या बुद्धाने) याहून कितीतरी खोल समाधी साधली होती, तरी मुक्तीची वाट ही नाही म्हणून तो तिथून निघाला.

चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. चाळीसेक मिनिटं झाली असतील. उजव्या गुडघ्यात आधी ऊब, मग पान्याने नट आवळावा तशी कळ. बघत राहिलो. 'कळ' म्हणून एकसंध काही सापडेचना. एक ठणका, मध्ये किंचित उसंत, थोडी धग, पुन्हा ठणका. आणि त्यापासून वेगळं, पोटातून वर येणारं एक ढकलणं: थांबव हे! वेदना एक, तृष्णा दुसरी. मध्ये फट होती. दोन वर्षं मी हे दोन शब्द एका दमात म्हणत आलो होतो, फट दिसणार कुठून? ऐकून येते ती श्रुतमयी प्रज्ञा, विचार करून येते ती चिंतनमयी. माझी वही या दोन्हींनी भरली होती. स्वतः अनुभवून येते ती भावनामयी, तिचा पहिला थेंब गुडघ्यातून आला.

पुढच्या बैठकीत त्या फटीची वाट बघत बसलो आणि पंचविसाव्या मिनिटाला पाय हलवला. अनुभव परत हवा, हीसुद्धा तृष्णाच की. शेजारी एक काका सारखे खोकायचे. त्यांचा मला जो राग आला, त्याचा हिशेब वेगळाच.

जायच्या महिनाभर आधी जेवायला तरी जमिनीवर बसत जा. गुडघे खरंच दुखरे असतील तर खुर्ची मागा, त्यात लाज कसली? मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा, लपवू नका. आणि माझ्या धंद्यातल्यांनी मार्च टाळावा. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. माझी सकाळची पस्तीस मिनिटं होतात, संध्याकाळ क्लायंट खातात.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. खोकणारे काका हसत जवळ आले. म्हणाले, "भाऊ, रागावू नका हं, पण तुम्ही दर बैठकीत इतके उसासे टाकायचात, की माझं निम्मं शिबिर तुमच्यावर चिडण्यातच गेलं."