हा दिवा का पेटलाय? प्रकाश-कन्सोल शिकणाऱ्यांसाठी

कन्सोल शिकायला नवीन कोणी माझ्या शेजारी बसलं की मी रंगमंचावर एकच दिवा लावते आणि विचारते, ‘हा का पेटलाय?’ उत्तरं बरीच असू शकतात. चालू क्यूनं, म्हणजे ठरल्या क्षणी आणायच्या साठवलेल्या प्रकाशबदलानं, तो लावला असेल, किंवा दहा क्यू मागे लावलेला तसाच पुढे आला असेल. एखादा सबमास्टर, म्हणजे काही दिवे एकत्र वर-खाली करणारी सरकपट्टी (फेडर), थोडा वर राहिला असेल, कोणी हातानं आकडा देऊन तो पुसायचा राहिला असेल, किंवा पत्ता चुकल्यामुळे दिवा भलत्याच चॅनेलचं ऐकत असेल. यातलं खरं कारण ज्याला भर प्रयोगात, अंधारात, काही सेकंदांत सापडतं, त्याला मी ऑपरेटर म्हणते. बटणांच्या जागा प्रत्येक कंपनीच्या कन्सोलवर वेगळ्या असतात आणि त्या सरावानं हातात बसतात. आकड्याचा माग काढायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

सुरुवात तारेपासून करा. कन्सोल दिव्याला वीज देत नाही, फक्त आकडे पाठवतो. हे आकडे डीएमएक्स ५१२ या पद्धतीनं जातात. ती १९८६ साली ठरली आणि १९९० साली सुधारली गेली. एका ओळीत ५१२ चॅनेल मावतात, त्या ओळीला युनिव्हर्स म्हणतात. प्रत्येक चॅनेलवर ० ते २५५ मधला एक आकडा असतो. पूर्ण ५१२ चॅनेलची यादी सेकंदाला साधारण ४४ वेळा पुन्हा पुन्हा पाठवली जाते. साध्या डीएमएक्समध्ये दिवा उलट उत्तर देत नाही. आकडा पोचला का, वाटेत बिघडला का, हे तपासायची सोय त्यात नाही. म्हणून आतषबाजी किंवा माणसांच्या डोक्यावर हलणारं नेपथ्य डीएमएक्सवर कधीही चालवू नये. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

तार एका दिव्यातून पुढच्या दिव्यात, तिथून त्याच्या पुढच्यात अशी जाते. मध्येच वाय जोड लावून तिला दोन फाटे फोडायचे नाहीत. फाटे हवे असतील किंवा एका ओळीवर ३२ हून जास्त उपकरणं होणार असतील तर स्प्लिटर लावा. शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे ओळ संपवणारा रोधक, बसवा. प्रमाणित जोडणी पाच पिनांच्या एक्सएलआरची आहे, पण तीन पिनांची सगळीकडे दिसते आणि तिथेच माइकची केबल हाताशी येते. ती बसते, कधीकधी चालतेही. पण तिचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) वेगळा असतो आणि ओळ लांबली की टोकाकडचे मूव्हिंग हेड, म्हणजे मान वळवणारे दिवे, झटके देऊ लागतात. दिवे आपोआप लुकलुकायला लागले की प्रोग्रामिंगमध्ये शोधाशोध करण्याआधी तार आणि टर्मिनेटर बघा. आणि एलईडी किंवा मूव्हिंग हेडची वीज डिमरवरून, म्हणजे साध्या दिव्यांची वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरून, देऊ नका. त्यांना थेट, कायम चालू असलेला पुरवठा लागतो. डिमरनं कापलेल्या विजेवर त्यांचा पॉवर सप्लाय जळू शकतो.

आता पत्ता, म्हणजे दिव्यानं कोणत्या चॅनेलपासून ऐकायचं तो आकडा. समजा, डिमरवर चालणारे सहा दिवे आहेत, त्यांना पत्ते १ ते ६. चार एलईडी पार आहेत, प्रत्येकाला ८ चॅनेल लागतात, त्यांना ११, १९, २७ आणि ३५. दोन मूव्हिंग हेड आहेत, १६ चॅनेलचे, त्यांना १०१ आणि ११७. मधे मोकळी जागा मी मुद्दाम सोडते, ऐनवेळी एखादा दिवा वाढतोच. समजा, दुसऱ्या पारवर कोणी १९ ऐवजी १८ लावला. पहिला पार ११ ते १८ वापरतोय. त्याच्या आठव्या चॅनेलवर स्ट्रोब (भराभर लुकलुकणं) असेल आणि दुसऱ्याच्या पहिल्या चॅनेलवर तीव्रता, तर पहिल्याला स्ट्रोब देताच दुसरा पेटेल. नवख्याला वाटतं, कन्सोल बिघडला. पत्त्याबरोबर मोडही, म्हणजे दिवा किती चॅनेल वापरणार तेही, जुळलं पाहिजे. दिवा १६ चॅनेलच्या मोडवर आणि कन्सोलमधल्या पॅचमध्ये (कोणता दिवा कोणत्या पत्त्यावर याच्या नोंदीत) २४ चॅनेलचा मोड, असं झालं की रंग मागितला तर मान हलते.

पॅच कागदावर लिहून ठेवा. कोणता दिवा, कोणत्या बारवर (दिवे टांगायच्या नळीवर), कोणता पत्ता, कोणता मोड, कन्सोलवर कोणता नंबर. प्रयोगाच्या दिवशी स्क्रीनवर हे उघडत बसायला वेळ नसतो.

सरावासाठी खरा कन्सोल हवाच असं नाही. ईटीसीचं इऑस, ग्रँडएमए३ ऑनपीसी, कॅमसिसचं मॅजिकक्यू ही सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून मोफत घेता येतात. क्यूएलसी प्लस तर मुक्तस्रोत आहे. खऱ्या दिव्यांपर्यंत सिग्नल न्यायला काहींसोबत त्या कंपनीचं यंत्र किंवा की लागते, पण शिकण्यासाठी तिची गरज नाही. त्रिमितीय दृश्य दाखवणारा भाग उघडा, वरचे बारा दिवे पॅच करा आणि रोज थोडं चालवा. नाटकाकडे जायचं असेल तर इऑस आधी शिका, कारण त्याची मांडणीच क्यूंच्या यादीभोवती केलेली आहे. संगीताच्या कार्यक्रमांकडे ओढा असेल तर ग्रँडएमए किंवा मॅजिकक्यू. आज्ञांची भाषा मोठ्यानं म्हणत टाइप करा: ‘१ थ्रू ६ ॲट ७० एंटर’. इऑसवर ‘ॲट ५’ म्हणजे ५० टक्के, ५ टक्के हवे असतील तर ‘ॲट ०५’, हे पहिल्याच दिवशी पाठ करा.

एकाच दिव्याला दोन ठिकाणांहून आकडे आले तर कोणाचं चालतं? दोन नियम आहेत. एचटीपीमध्ये जो आकडा मोठा तो जिंकतो, एलटीपीमध्ये जो शेवटी आला तो. रंग, दिशा, गोबो (उजेडाला नक्षी देणारी चकती) यांना नेहमी एलटीपी असतो, कारण ‘जास्त निळं’ किंवा ‘जास्त डावीकडचं’ मोठं असं काही ठरवता येत नाही. तीव्रतेला कन्सोलच्या सेटिंगप्रमाणे दोन्हीपैकी काहीही असू शकतं. सबमास्टरवर ३ नंबरचा दिवा ६० टक्क्यांवर राहिला आणि क्यूनं त्याला शून्यावर आणलं, तर एचटीपीत तो ६० वरच पेटलेला राहील. क्यू बरोबर चालतोय, दिवा मात्र विझत नाही. कारण त्या विसरलेल्या फेडरमध्ये असतं. याच्याही वर प्रोग्रामर असतो, म्हणजे तुम्ही हातानं दिलेले आकडे. बऱ्याच कन्सोलवर ‘क्लिअर’ दाबेपर्यंत ते क्यूंना जुमानत नाहीत. आणि पार्क केलेला, म्हणजे एका आकड्यावर अडकवून ठेवलेला, चॅनेल तर कोणाचंच ऐकत नाही. मी तालीम संपली की क्लिअर दाबते, पार्कची यादी उघडून पाहते, मगच फाइल सेव्ह करते.

आता ट्रॅकिंग. इथे मन लावून थांबा, कारण बहुतेक घोळ इथून निघतात. ट्रॅकिंग कन्सोल क्यूमध्ये पूर्ण चित्र साठवत नाही, फक्त बदल साठवतो. क्यू १ मध्ये दिवा १ आणि २, दोन्ही ७० वर. क्यू २ मध्ये फक्त दिवा ५, ४० वर. क्यू ३ मध्ये दिवा १ शून्यावर. क्यू ३ चालू असताना काय पेटलंय? दिवा २, ७० वर. दिवा ५, ४० वर. दोन्ही मागून आलेले आहेत, क्यू ३ ला त्यांच्याबद्दल काही माहीतच नाही. कन्सोल हे आलेले आकडे वेगळ्या रंगात दाखवतो. त्या रंगाकडे बघायची सवय लावा, ‘का पेटलाय’चं उत्तर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

दिग्दर्शक म्हणतो, दुसऱ्या प्रवेशात खिडकीपाशी थोडा उजेड वाढवा. तुम्ही दिवा ६ त्या क्यूमध्ये ३० वर देऊन अपडेट करता. पुढच्या क्यूंना दिवा ६ बद्दल काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे तो तिसऱ्या प्रवेशात राहतो, चौथ्यात राहतो आणि शेवटी ज्या अंधारात सामान हलवायचं, त्या अंधारातही खिडकीपाशी उजेड पडतो. यावर दोन उपाय आहेत. बदल फक्त त्या क्यूपुरता हवा असेल तर ‘क्यू ओन्ली’ करून अपडेट करा. पुढच्या क्यूमध्ये दिवा आपोआप पूर्वीच्या जागी जाईल. आणि प्रत्येक अंधाराचा क्यू, प्रत्येक प्रवेशाचा पहिला क्यू ब्लॉक करा, म्हणजे त्यात सगळ्या दिव्यांचे आकडे, शून्यंसुद्धा, पक्के लिहिले जातील. मागून काहीही आलं तरी तिथे अडेल. हा सराव कागदावर करा: दहा क्यू लिहा, मधल्याच एखाद्यात एक बदल करा आणि दहाव्या क्यूमध्ये काय पेटलेलं असेल ते कन्सोल न बघता सांगा. मग सॉफ्टवेअरवर चालवून ताडून पहा. हा सराव जमला की कोणत्याही कंपनीच्या कन्सोलची भीती उरत नाही.

ट्रॅकिंगचा फायदाही मोठा आहे. पूर्ण प्रवेशभर पाठीमागचा निळा थोडा कमी करायचा तर तो प्रवेशाच्या पहिल्या क्यूमध्ये एकदाच बदलायचा, पुढे तो आपोआप जातो आणि पुढच्या ब्लॉकपाशी थांबतो.

मूव्हिंग हेडच्या जागा आणि रंग थेट क्यूमध्ये भरू नका. आधी पॅलेट, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या जागा आणि रंग, करा: ‘टेबल’, ‘दार’, ‘मध्य’, ‘संध्याकाळ’. क्यूमध्ये पॅलेटचा संदर्भ जातो. दुसऱ्या सभागृहात बार उंच असेल, खोली वेगळी असेल, तर फक्त ‘टेबल’ पॅलेट दुरुस्त करायचं आणि टेबलाचे सगळे क्यू जागेवर येतात. दौऱ्यावरच्या प्रयोगात हा बदल जेमतेम अर्ध्या तासाचं काम आहे. पॅलेट नसतील तर अख्खी दुपार जाते. आणखी एक: दिवा एका क्यूमध्ये डावीकडे आणि नंतरच्या क्यूमध्ये उजवीकडे असेल, तर पेटतानाच तो मान वळवताना दिसेल. मधे अंधारात असतानाच त्यानं जागा घ्यावी यासाठी इऑसमध्ये मार्क आणि ग्रँडएमएमध्ये एमआयबी (मूव्ह इन ब्लॅक) आहे. ते लावाच.

वेळ हा ऑपरेटरचा खरा आवाज आहे, असं मी मनापासून मानते. वर येणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या दिव्यांना वेगळे सेकंद द्या. नवं चित्र २ सेकंदांत येऊ दे, जुनं ५ सेकंदांत जाऊ दे, मधे रंगमंच रिकामा वाटत नाही. संध्याकाळ होताना दाखवायची असेल तर ४ मिनिटं द्या. उजेड बदलतोय हे कुणाच्या लक्षात येता कामा नये. टंगस्टनचा दिवा विझताना तांबूस होतो, आतल्या तापलेल्या तारेला थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे शून्य सेकंदाचा अंधारही मऊ वाटतो. एलईडी त्याच क्षणी जातो. म्हणून एलईडीच्या झटक्याच्या अंधाराला मी अर्धा सेकंद देते. मंद होताना शेवटच्या काही टक्क्यांत एलईडी पायऱ्या घेतो का, हे तालमीत प्रेक्षागृहात बसून बघा, कन्सोलपाशी बसून नाही.

क्यूंचे नंबर सलग असले तरी चिंता नको, १२ आणि १३ च्या मधे १२.५ घालता येतो. तालीम सुरू झाल्यावर नंबर नव्यानं लावू नका. रंगमंच व्यवस्थापकाच्या संहितेत जुने नंबर लिहिलेले असतात.

प्रयोगाआधी दिवे एकेक करून तपासा, मूव्हिंग हेडना सगळ्या दिशांना फिरवा, फाइल नव्या नावानं दोन ठिकाणी सेव्ह करा. स्ट्रोब असेल तर प्रेक्षकांना आधी सूचना गेलीच पाहिजे, अपस्मार असलेल्यांना त्याचा धोका असतो.

हेडसेटवर ‘स्टँडबाय लाइट २३’ आलं की उत्तर द्या, बोट बटणावर ठेवा आणि नजर रंगमंचावर. ‘गो’ हा शब्द हेडसेटवर दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही. जे क्यू तुम्ही स्वतः बघून घेता, नट दिव्याच्या बटणाकडे हात नेतो तसे, तिथे हात पोचायची वाट पाहू नका. हात निघतानाच दाबा, कारण फेड डोळ्यांना जाणवायला थोडा वेळ लागतो. कोणता नट कधी थांबतो, कोण वाक्य लांबवतो, हे तालमीत ऐकून ठेवा.

चुकीचं काही दिसलं तर आधी हात मागे घ्या. मग ग्रँड मास्टर (सगळ्या दिव्यांचा मुख्य फेडर) वर आहे ना, प्रोग्रामर रिकामा आहे ना, एखादा सबमास्टर वर राहिलाय का, याच क्रमानं बघा. क्यू पुढे किंवा मागे सरकला असेल तर ‘गो’ किंवा ‘बॅक’ बडवत बसू नका. ‘गो टू क्यू’ करून नंबर टाका आणि ३ सेकंदांत तिथे जा. एखादा दिवा एकटाच हट्टानं पेटलेला असेल तर तो चॅनेल निवडून त्याचा आकडा कुठून येतोय ते वाचा, हातानं शून्य द्या, आणि चिठ्ठीवर नंबर लिहून ठेवा. पडदा पडल्यावर त्याच क्यूपाशी जाऊन तो दुरुस्त करा आणि प्रोग्रामर पुन्हा रिकामा करा.