बीआयएम मॉडेलमध्ये खोलीनिहाय फिनिशचे थर कसे तयार करावेत

भिंत एकच असते, पण तिच्या एका बाजूला बाथरूमची टाइल आणि दुसऱ्या बाजूला बेडरूमचा रंग असतो. म्हणून गिलावा, डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरील टाइलचा पट्टा) आणि फरशी भिंतीच्या प्रकारात, म्हणजे मॉडेलमधील भिंतीच्या थरांच्या ठरलेल्या रचनेत, न कोंबता खोलीच्या सीमेवरून तयार करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील पद्धत रेव्हिट, म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल (बीआयएम) करण्याचे सॉफ्टवेअर, आणि त्यासोबत येणारे, स्क्रिप्टने (सूचनांच्या साखळीने) कामे आपोआप करणारे डायनॅमो यांसाठी आहे.

सुरुवातीला भिंतींचे प्रकार तपासावेत आणि 230 मिमी विटांच्या भिंतीत 12 मिमीचा आतला गिलावा आधीच घातलेला असल्यास तो काढून टाकावा. सांगलीत विश्रामबागेतील एका बंगल्याचे मॉडेल करताना मी तो थर तसाच ठेवून वर खोलीनिहाय गिलावाही तयार केला होता. आतल्या गिलाव्याचे क्षेत्रफळ दुप्पट निघाले आणि ती चूक साइटवरच्या गवंड्याने दाखवून दिली. बाहेरचा गिलावा मात्र भिंतीत राहिला तरी चालतो, कारण तो कोणत्याच खोलीचा नसतो.

त्यानंतर प्रत्येक खोलीच्या फ्लोअर फिनिश आणि वॉल फिनिश या रकान्यांत संकेत भरावेत. हे रकाने केवळ मजकुराचे असल्याने त्यांतून आपोआप काहीही उभे राहत नाही. स्क्रिप्टने संकेत वाचून त्या नावाचा पातळ भिंतीचा प्रकार निवडायचा असतो.

खरी काळजी सीमारेषा घेताना लागते. स्क्रिप्टने उभी केलेली भिंत दिलेल्या रेषेला आपली मध्यरेषा मानते, त्यामुळे 12 मिमीच्या गिलाव्यासाठी सीमारेषा खोलीच्या आत 6 मिमी सरकवावी लागते, नाहीतर अर्धा गिलावा विटेत घुसतो. हॉल आणि डायनिंग वेगळे करण्यासाठी ओढलेली रूम सेपरेशन लाइनही सीमेतच मोजली जाते. ती गाळली नाही, तर मोकळ्या जागेत गिलाव्याचा पडदा उभा राहतो. तुळयांच्या बाजू मात्र या सीमेत येत नाहीत, म्हणून त्यांचा गिलावा वेगळा घ्यावा.

उंचीचाही विचार खोलीगणिक करावा. बाथरूमचा डॅडो 2100 मिमीपर्यंत आणि त्यावर गिलावा, अशा दोन भिंती एकावर एक ठेवाव्यात. सांगलीत 2019 आणि 2021 च्या महापुरांत ज्या घरांत पाणी शिरले, तिथे तळमजल्यावर जिप्समचा गिलावा जमिनीपर्यंत आणू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण पाण्यात राहिलेले जिप्सम मऊ पडते. त्या प्लॉटवरील पुराच्या खुणेपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर जिप्सम, असे दोन पट्टे मॉडेलमध्येच करावेत, म्हणजे दोन्ही सामानांची मापे वेगवेगळी मिळतात.

तयार झालेल्या प्रत्येक थराचे ‘रूम बाउंडिंग’ (खोलीची हद्द ठरवण्याचा गुणधर्म) बंद करावे, अन्यथा खोली चारही बाजूंनी आक्रसते आणि तिचे क्षेत्रफळ बदलते. नंतर तो थर मूळ भिंतीशी ‘जॉइन’ करावा. तसे केल्यावरच दारे-खिडक्यांची भोके त्यातून आरपार जातात. 1.5 बाय 2.4 मीटरच्या बाथरूममध्ये 2.1 मीटर उंचीचा डॅडो 16.38 चौरस मीटर भरतो, 0.75 बाय 2.1 मीटरचे दार कापले गेल्यावर तो सुमारे 14.8 व्हायला हवा. एवढी एक खोली हाताने पडताळली, तरी स्क्रिप्टवर पुढे विश्वास ठेवता येतो.

फरशी त्याच सीमेवरून घ्यावी आणि स्लॅबच्या पातळीपासून तिच्या एकूण जाडीइतकी वर उचलावी. सीमा भिंतीच्या पृष्ठभागावर थांबत असल्याने दाराखालची पट्टी सुटते. 230 मिमी भिंतीत 900 मिमी दारासाठी ती सुमारे 0.2 चौरस मीटर असते. तिथे उंबरा बसणार नसेल, तर ती हाताने जोडावी.

मॉडेलमधील क्षेत्रफळ थेट बिलात मात्र उतरवू नये. आयएस 1200 या बांधकामाची मापे घेण्याच्या भारतीय मानकाच्या भाग 12 नुसार गिलाव्यात 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीच्या उघाडाची वजावट होत नाही, आणि दोन्ही बाजूंना एकसारखा गिलावा असल्यास त्यापुढे 3 चौरस मीटरपर्यंत ती एकाच बाजूची होते. मॉडेल मात्र दोन्ही बाजूंनी कापते. म्हणून 1 बाय 2.1 मीटरच्या प्रत्येक दारामागे एका बाजूचे 2.1 चौरस मीटर शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणाऱ्या मापांच्या तक्त्यात) वेगळ्या रकान्याने परत मिळवावेत.