स्टिअरिंग वळवताना येणारा आवाज कसा शोधावा आणि कसा घालवावा

विदर्भाच्या ग्रामीण भागात चालणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगला वर्षभरात तीन गोष्टी सोसाव्या लागतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सांध्यांवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत राखणारी आवरणे, कडक होऊन चिरतात. पावसाळ्यात त्या चिरांमधून काळ्या मातीचा चिखल आत शिरतो. आणि पाऊस उघडल्यावर पांदण रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या व बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या, की त्यांच्या कडांवर आपटणाऱ्या चाकांचे हादरे थेट याच सांध्यांना बसतात. त्यामुळे आवाज दिवाळीच्या सुमारास ऐकू आला, तरी त्याचे मूळ बहुधा उन्हाळ्यात चिरलेल्या बुटात असते.

गाडी तालुक्याच्या गॅरेजमध्ये नेण्याआधी आवाज कधी आणि कुठून येतो हे स्वतः ठरवून घ्यावे, कारण नुसत्या अंदाजावर काम सुरू झाले तर महागडा रॅक (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारा दात्यांचा दांडा) विनाकारण बदलला जाऊ शकतो. गाडी सपाट, मोकळ्या जागेवर उभी करून, इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. त्यानंतर पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर गाडी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गोल चालवावी, आणि शेवटी सरळ पण खडबडीत रस्त्यावरून सावकाश न्यावी. सोबत एकाने बाहेर उभे राहून कान द्यावा. आत बसलेल्याला डाव्या चाकाचा आवाजही कधी कधी डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो.

गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवताच कण्हल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल आणि पॉवर स्टिअरिंग ऑइलवर चालणारे असेल, तर प्रथम ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी. पातळी कमी असल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल भरावे; ब्रेक ऑइल कधीही ओतू नये, कारण त्याने आतील सील खराब होतात. ऑइलमध्ये फेस दिसला तर हवा शिरलेली आहे. अशा वेळी पुढची दोन्ही चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना अनेक वेळा फिरवावे आणि पातळी खाली जाईल तसे ऑइल भरत राहावे. पुन्हा पुन्हा ऑइल कमी होत असेल, तर पाइप किंवा सील गळत आहे. गळती न शोधता नुसते ऑइल भरत राहिल्याने पंप निकामी होतो. किंचाळणारा आवाज मात्र पुष्कळदा सैल किंवा झिजलेल्या बेल्टचा असतो. अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंग विजेच्या मोटारीवर चालते. तेथे ऑइल नसते आणि गाडी उभी असताना येणारी मंद घरघर हा दोष नव्हे.

गोल चालवताना चाकाजवळून कट-कट असा आवाज आला, तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरील जॉइंटचा समजावा. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीस उडालेले दिसले तर शंका उरत नाही. आवाज येण्यापूर्वीच फाटका बूट लक्षात आला, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून आणि नवा बूट बसवून काम भागते. पण कट-कट सुरू झाल्यावर झिजलेला जॉइंट ग्रीसने सुधारत नाही. चाक जागेवर वळवताना वरच्या बाजूने टणत्कार होत असेल, तर पुढच्या शॉकअपच्या माथ्यावरील बेअरिंग तपासावे. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर बाहेरून तळहात ठेवल्यास, स्प्रिंग सलग न फिरता उसळी घेत असल्याचे हाताला कळते.

खड्ड्यांवर होणारी खडखड मात्र अधिक काळजीने पाहावी, कारण तिच्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून शक्यतो पक्क्या जागेवर काम करावे आणि नाइलाज असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. उचललेले चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर दोष टाय रॉड एंडमध्ये (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यात) किंवा रॅकमध्ये असण्याची शक्यता जास्त. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला, तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. दोन्हीकडे घट्टपणा असूनही खडखड होत असेल, तर लिंक रॉड (सस्पेन्शनमधील छोटी जोडदांडी) आणि बुश (जोडांतील रबरी नळ्या) तपासावेत.

टाय रॉड एंड बदलताना जुना भाग काढण्यासाठी किती फेरे लागले ते मोजून, तेवढेच फेरे देऊन नवा बसवावा. त्यामुळे गाडी अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) ठिकाणापर्यंत नेण्याइतपत सरळ राहते. अलाइनमेंट मात्र टाळू नये, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात. नट सुटू नये म्हणून लावलेली जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये.

पावसाळ्यात घर्र-घर्र असा आवाज अचानक सुरू झाला, तर काहीही उघडण्याआधी चाकामागचा चिखल पाण्याने नीट धुवावा. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात अडकलेला एखादा खडाही असा आवाज करतो. धुताना खालून डिझेल मारण्याची आणि चूं-चूं करणाऱ्या बुशांवर जळके ऑइल ओतण्याची जी पद्धत आहे, ती खरोखर बंद व्हायला हवी. आवाज चार दिवस थांबतो, परंतु रबर फुगून मऊ पडते आणि बदलण्याचा खर्च लवकर येतो. रबरासाठी सिलिकॉन स्प्रे वापरावा.

स्टिअरिंगच्या चाकातूनच, म्हणजे हातांखालून घासल्याचा आवाज येत असेल, तर एअरबॅग असलेल्या गाडीत ते चाक घरी उघडू नये. आणि बॉल जॉइंट ढिला सापडला, किंवा स्टिअरिंग मध्येच अडकू लागले, तर गाडी चालवत न नेता मेकॅनिकला जागेवर बोलवावे. बॉल जॉइंट सुटला तर चालत्या गाडीचे चाक कोणत्याही क्षणी आडवे होऊ शकते.