दिवाळीच्या आत पाच-सहा हजारांत घराचं रूप कसं पालटायचं

नवरात्र बसलं की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा रंग काढायचा का. मग पेंटर येऊन बघून जातो, आकडा सांगतो, आणि तो आकडा ऐकून आपण म्हणतो की बघू पुढच्या वर्षी. पण पूर्ण घराचं रंगकाम आणि काहीच न करणं यांच्यामध्ये बरंच काही करता येतं. मी इथे साधा १ बीएचके फ्लॅट डोळ्यासमोर धरलाय, वीस-पंचवीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधला, मोझॅक टाइल्सची फरशी, कडप्प्याचा ओटा, हॉलमध्ये एकच ट्यूबलाइट, माळ्यावर खच्चून सामान. असं घर थकलेलं दिसतं त्याची मुख्य कारणं तीन, पसारा, ओल आणि वाईट उजेड. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रिकामं करा, मग दुरुस्त आणि स्वच्छ करा, मग उजेड बदला, रंग आणि पडदे त्यानंतर. पहिल्याच दिवशी बाजारात जाऊन कुशन कव्हरं आणली की पैसे संपतात आणि घर होतं तसंच राहतं.

आधी घर रिकामं करा

एकेक खोली धरा, सगळ्या एकदम काढल्या की चार दिवस धड झोपायला जागा राहत नाही. खोलीतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन ढीग करायचे, राहणार, द्यायचं, भंगार. रद्दी, मोडका मिक्सर, जुने नळ, पितळेचं काही असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी घरी वजन करून घ्या, पितळ आणि तांब्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो आणि बरेच जण ते लोखंडासोबत एकत्र देऊन टाकतात. जुने कपडे भांडीवालीला द्या, एखादं पातेलं किंवा टब येतो. या सगळ्यातून जे पैसे येतील ते बाजूला ठेवा, पुढच्या रंगाच्या डब्याला कामी येतात.

आणि एक, हॉलच्या भिंतींवरचं सगळं उतरवा, कॅलेंडरं, शोपीस, ट्रॉफ्या, सगळं. दोन दिवस भिंती मोकळ्या ठेवून बघा, मग परत लावताना आपोआप निम्मंच लावावंसं वाटतं.

ओल असेल तर तिथेच थांबा

हा भाग जरा नीट वाचा कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. भिंतीवर पोपडे आलेत, पांढरा खार फुटलाय किंवा काळी बुरशी आहे, आणि आपण त्याच्यावर चिकटवायचा वॉलपेपर लावून मोकळे होतो. आतली ओल जात नाही, वॉलपेपरमागे बुरशी वाढते आणि पुढच्या पावसात कडा सुटून लोंबायला लागतात.

ओल कुठून येते हे बघायची सोपी पद्धत आहे. साधारण फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे बाहेरची भेग, बाथरूमची पाइप किंवा वरच्या मजल्याचं गळणं. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतच दमटपणा आहे, खिडकी उघडी ठेवली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, ओले कपडे आत वाळत घालणं थांबवलं की बराच फरक पडतो. भिंतीतून ओल असेल तर त्या भिंतीला यंदा रंग नकोच. गळती शोधून बंद करा आणि भिंत पूर्ण वाळू द्या, दुसरी भिंत निवडा.

बुरशी घासताना ब्लीचिंग पावडरचं पाणी चालतं, पण नाकाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीच आणि अॅसिडवाला टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो फार धोकादायक असतो.

फरशी आणि ओटा

शहाबादी फरशी, कडप्पा, संगमरवर, मोझॅक, या सगळ्यांत चुनखडी असते आणि अॅसिड चुनखडीला खातं. त्यामुळे अॅसिड टाकल्यावर डाग गेल्यासारखा वाटतो खरा, पण तिथली चमक कायमची जाते आणि खरखरीत झालेल्या जागी मळ आणखी पटकन धरतो. लिंबू आणि व्हिनेगरचंही तेच, ओट्यावर लिंबू पिळून घासायचे सल्ले खूप फिरतात, कडप्प्यावर ते करू नका. भांडी घासायचं लिक्विड, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश, एवढ्यावर मेहनत घेतली तर बरंच निघतं. तेलकट थर असेल तर सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग घासायचं. ग्लेझ्ड टाइल्सचे सांधे काळे पडले असतील तर टोकदार वस्तूने वरवर खरवडून व्हाइट सिमेंट भरा, छोटं पाकीट पुरतं. भरल्यावर टाइलवर पसरलेलं सिमेंट ओल्या फडक्याने लगेच पुसून काढा, वाळलं की निघता निघत नाही.

उजेड बदला, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक

आपल्याकडे हॉलमध्ये एक पांढरी ट्यूब आणि संपलं. बल्बच्या खोक्यावर के लिहिलेला आकडा असतो तो बघा. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा उजेड, दुकानात असतो तसा. २७०० ते ३००० के म्हणजे पिवळसर, ऊबदार. हॉल आणि बेडरूमला पिवळसर, ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पांढरा, असं साधं गणित ठेवा. ट्यूब काढून टाकायची गरज नाही, ती हवी तेव्हा लागेलच, फक्त संध्याकाळसाठी कोपऱ्यात कमी उंचीवर एक ९ वॉटचा पिवळसर एलईडी दिवा द्या. शेड म्हणून वेताची जुनी टोपलीसुद्धा चालते, फक्त दिवा टोपलीला टेकू देऊ नका. वायरिंगचं काही असेल तर मात्र इलेक्ट्रिशियनलाच बोलवा, तिथे पैसे वाचवू नका.

मुंबईत दिव्यांसाठी लोहार चाळ आहे, पुण्यात हार्डवेअरला बोहरी आळी. दोन्हीकडे घासाघीस होते आणि सुटं सामान मिळतं.

एकच भिंत रंगवा

पूर्ण घर रंगवायचं नसेल तर हॉलमधली एक भिंत घ्या, शक्यतो आत शिरल्यावर समोर येणारी आणि खिडकी-दरवाजा नसलेली. १२ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ चौरस फूट, म्हणजे एक लिटर साध्या इमल्शनमध्ये, म्हणजे पाणी घालून लावायच्या भिंतीच्या रंगात, दोन हात जेमतेम होतात. शेड गडद असेल तर तिसरा हात लागतो, मग दोन लिटर आणा. भिंतीचं माप कागदावर लिहूनच दुकानात जा, नाहीतर दुकानदार चार लिटरचा डबा हातात देतो.

शेड कार्डवरचा छोटा चौकोन बघून ठरवू नका. सॅम्पल मिळालं तर भिंतीवर फूटभर पट्टा ओढा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा, म्हणून तर दिवे आधी बदलायला सांगितलं, पिवळसर उजेडात राखाडी आणि हिरवे रंग एकदम वेगळे दिसतात.

आता काम. जुन्या भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना डिस्टेंपर सुटायला आलाय, तो पट्टीने खरवडून आणि ओल्या स्पंजने पुसून काढल्याशिवाय नवा रंग धरणार नाही, सालपटासारखा निघेल. भिंतीला चमकदार ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने घासून चमक घालवावी लागते. खिळ्यांच्या भोकांना तयार अॅक्रिलिक पुट्टी बरी. प्लास्टर उघडं पडलेल्या जागी व्हाइट सिमेंटवाली पावडर पुट्टी वापरा, ती श्रीखंडाइतकी घट्ट कालवायची, आणि लावण्याआधी तेवढी जागा पाण्याने जराशी ओली करायची, नाहीतर कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी ओढून घेतं आणि ती भुगा होऊन पडते. एकदम जाड थर भरू नका, दोन पातळ थर भरा. वाळल्यावर १८० नंबरच्या पेपरने घासा, हात फिरवल्यावर कड लागली नाही पाहिजे.

मग वॉटर बेस प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, एक हात. इथे बरेच जण पैसे वाचवतात आणि मग जिथे पुट्टी भरली तिथे रंगाचे ठिगळ दिसतात, कारण पुट्टी जास्त रंग पिते. प्रायमर वाळला की कडांना मास्किंग टेप लावा, खाली जुनी चादर आणि वर्तमानपत्रं अंथरा. आधी दोन इंची ब्रशने चारी कडा आणि कोपरे करून घ्यायचे, त्या ओल्या असतानाच मधला भाग रोलरने. रोलर रंगात बुडवून ट्रेवर निथळवा, जास्त रंग घेतला की ओघळ येतात. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच घाला. दोन हातांमध्ये तीन-चार तास जाऊ द्या, ऑक्टोबरच्या उन्हात लवकर वाळल्यासारखं वाटतं तरी घाई नको. दुसरा हात पूर्ण वाळायच्या आत टेप हळूच ओढून काढायचा, म्हणजे कड सरळ राहते.

दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट घासणार असाल तर एक काळजी घ्या. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांत ते बरंच जास्त असू शकतं. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

जुन्या साडीचे पडदे

हे माझ्या सगळ्यात आवडीचं. तयार पडद्यांना जे पैसे जातात त्याच्या निम्म्यानेही काम होतं, शिवाय आईची किंवा आजीची साडी कपाटात कुजण्यापेक्षा रोज डोळ्यासमोर राहते. सुती किंवा इरकल साडी घ्या, जिची वीण अजून धड आहे अशी, उजेडासमोर धरून बघा, घडीवर विरलेली असेल तर सोडून द्या.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे १८ फूट. दाराचा पडदा ७ फूट लागतो, वरची पट्टी आणि खालची दुमड धरून साडेसात. म्हणजे एका साडीतून साडेसात फुटांचे दोन भाग निघतात आणि तीन फुटांचा पदर उरतो. पन्हा साधारण ४५ इंच, दोन भाग मिळून ९० इंच, आणि दार ३६ इंचांचं, म्हणजे चुण्या भरपूर पडतात आणि पडदा गरीब दिसत नाही. साडीचे काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभे येतात, वेगळी लेस नको की काही नको. उरलेला पदर लांबीच्या बाजूने निम्मा कापून १८ इंच रुंद आणि ४५ इंच लांब अशा दोन पट्ट्या करा, प्रत्येकीतून पाकिटासारखं दुमडून १६ इंची उशीचं एक कव्हर होतं, चेन लावायचीही गरज नाही. पातळ साडीला मागून अस्तर लावलं तर ऊन कमी येतं आणि साडीही जास्त टिकते. कापायच्या आधी साडी एकदा धुऊन वाळवून घ्या, आणि गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंना मापं लिहून द्या, तोंडी सांगू नका. नवीनच कापड घ्यायचं असेल तर मुंबईत मंगळदास मार्केट, पुण्यात तुळशीबागेच्या आसपास बघा.

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीला टेकवून लावू नका. चार-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त घ्या, पडदा सरकवला की काच पूर्ण मोकळी होते, उजेड जास्त येतो आणि खिडकी मोठी वाटते. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडे मिळतंच, फक्त गिट्टी आणि स्क्रू एकाच मापाचे घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते.

बाकी छोटं-मोठं

लोखंडी कपाटाला गंज धरला असेल तर तो घासून काढा, उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. सागवानी फर्निचर मात्र रंगवू नका, ते घासून पॉलिश करा. लाकडी चौकट, आरसा, स्टूल असं काही हवं असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा.

झाडांसाठी पैसे खर्च करू नका. कुणाकडून तरी मनीप्लांटची फांदी आणा, निदान एक पेर पाण्याखाली राहील अशी बाटलीत ठेवा, मुळं तिथूनच फुटतात. पाणी दर आठवड्याला बदलायचं म्हणजे बदलायचं, डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर बाटली उंचावर ठेवा, मनीप्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते.

भाड्याचं घर असेल तर भिंत रंगवायच्या आधी मालकांना शेड दाखवून व्हॉट्सअॅपवर होकार घेऊन ठेवा, डिपॉझिटच्या वेळी वाद नको. नाहीच म्हणाले तर दिवे, पडदे आणि साफसफाई एवढ्यावरही भागतं. भोकं न पाडता मोठी गोधडी कपाटाच्या वरच्या कडेवरून सोडली तरी एक बाजू भरून निघते.

काम संपलं की उरलेला रंग फेकू नका. छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यावर शेडचा नंबर, कंपनी आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा, सोफ्याची पाठ घासून भिंतीवर जो डाग पडतो तो त्यातूनच झाकता येतो.