सेपिया टोनिंग: ब्लीच केव्हा थांबवावे

सेपिया टोनिंग करताना, म्हणजे कृष्णधवल फोटो-प्रिंटला रसायनांनी तपकिरी छटा देताना, बहुतेकांचे लक्ष टोनरच्या रंगाकडे असते; परंतु प्रिंटचा कोणता भाग तपकिरी होणार आणि कोणता काळाच राहणार, हे त्याआधी ब्लीचमध्येच ठरून गेलेले असते. ब्लीचमुळे प्रतिमेतील चांदीचे सिल्व्हर ब्रोमाइड होते आणि टोनर त्या ब्रोमाइडचे तपकिरी सिल्व्हर सल्फाइड करतो. ब्लीच जिथपर्यंत पोहोचले नाही, तिथली चांदी टोनरमध्ये जवळजवळ जशीच्या तशी राहते.

टोनिंगसाठी निवडलेली प्रिंट पूर्ण फिक्स झालेली (प्रतिमेत न वापरले गेलेले चांदीचे क्षार काढून टाकलेली) आणि उत्तम धुतलेली असावी. कागदात हायपो (फिक्सिंगचे रसायन) उरला असेल, तर ब्लीचमधील फेरिसायनाइडशी मिळून त्याचा फार्मर रिड्यूसर तयार होतो. हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्ये मांडलेले हे मिश्रण चांदी कायमची विरघळवते, त्यामुळे उजळ भागांतील तपशील गेला की तो टोनरमध्येही परत येत नाही. फिक्सिंग अपुरे राहिले, तर टोनरमध्ये पांढऱ्या कडांवर पिवळे डाग उमटतात. फायबर-बेस कागद (प्लास्टिकचा थर नसलेला फोटो-कागद) वाहत्या पाण्यात तासभर धुवावा. सेपियात उजळ छटा थोड्या फिक्या होतात, म्हणून प्रिंट मुळातच नेहमीपेक्षा किंचित गडद काढावी.

ब्लीचसाठी एक लिटर पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १० ग्रॅम विरघळवावे. येथून पुढचे सर्व काम साध्या दिव्याच्या उजेडात करता येते. कोरडी प्रिंट आधी पाण्यात भिजवून घ्यावी, नाहीतर ब्लीच असमान चढते. ट्रे सतत हलवत राहावा. प्रथम उजळ भाग फिके पडतात, मग मधल्या छटा, आणि गडद सावल्या सर्वांत शेवटी. आकाश आणि चेहरे फिके झाले, पण सावल्यांत काळेपणा टिकून आहे, अशा क्षणी प्रिंट बाहेर काढली तर उजळ भागांत ऊब आणि सावल्यांत खोली असा दुरंगी परिणाम मिळतो. माझ्या मते तो पूर्ण सेपियापेक्षा बहुतेक विषयांना अधिक शोभतो. पाण्यात टाकल्यावरही कागदात मुरलेले ब्लीच थोडा वेळ काम करत राहते, म्हणून इच्छित टप्प्याच्या जरा आधीच थांबावे. द्रावण फार जलद वाटल्यास आणखी पातळ करावे. पत्रा उघडा पडलेले एनॅमलचे ट्रे आणि गंजके चिमटे मात्र टाळावेत, कारण लोखंडाच्या कणांमुळे निळे ठिपके पडतात आणि ते काढणे फार अवघड असते.

यानंतर कागदाचा पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावे; या पायरीत घाई करू नये.

टोनरसाठी दोन द्रावणे ठेवावीत: पहिल्यात थायोयुरिया आणि दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही लिटरला १०० ग्रॅम. अर्धा लिटर पाण्यात पहिले ५० मिली घ्यावे. त्यात दुसरे थोडेच घातल्यास पिवळसर तपकिरी रंग येतो, आणि ते वाढवत नेल्यास रंग गडद व थंड होत जातो. प्रिंट टोनरमध्ये टाकताच रंग चढू लागतो. तो वाढायचा थांबेपर्यंत ती आत ठेवावी. जुन्या पद्धतीतील सोडियम सल्फाइडची कुजलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधी थायोयुरियात टळते, मात्र हे रसायन निरुपद्रवी नाही. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, हायड्रॉक्साइड नेहमी थंड पाण्यात थोडे थोडे मिसळावे आणि फेरिसायनाइडच्या जवळपास तीव्र आम्ल येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो. थायोयुरियाचा अंश लागल्याने न वापरलेला फोटो-कागद काळवंडतो, म्हणून टोनरचे ट्रे वेगळे ठेवावेत.

शेवटी फायबर-बेस प्रिंट पुन्हा तासभर धुवावी. ओल्या प्रिंटवरून रंगाचा निर्णय घेऊ नये, कारण वाळल्यावर छटा बदलते; त्याच कागदाची एक पट्टी आधी टोन करून, वाळवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ब्लीच झाल्यावर विचार बदलला, तर प्रिंट धुऊन साध्या डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात) टाकावी. हायपो उरलेला नसल्यास काळी प्रतिमा बहुतांशी परत येते.