मालवणात मासे खायला जाताय? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला निघालेले बरेच जण घरूनच जेवणाचा बेत ठरवून येतात: दुपारी सुरमई थाळी, रात्री पापलेट. मग पानात बर्फातली, चोथट सुरमई पडते आणि मंडळी गावाला नावं ठेवत परततात. मेनूकार्ड राहू द्या, "आज ताजं काय आलंय?" एवढंच विचारा. पेडवे, मुडदुशे, लेपो ही नावं ऐकून नाक मुरडू नका. सकाळी उतरलेला बांगडा आठवडाभर बर्फात पडलेल्या सुरमईपेक्षा केव्हाही भारी. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला खरा, पण थाळीत तळहातापेक्षा लहान पिल्लू आलं तर त्यात खाण्यासारखं काही नसतं आणि ते पकडायलाही नको होतं.

दुसरी चूक वेळेची. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत कुणी "आजचीच सुरमई" म्हणालं तर कुठल्या बोटीची ते जरूर विचारा! तेव्हा खाडीतलं काय मिळतंय ते बघावं, नाहीतर सुकटाची किसमूर (सुकट आणि ओल्या खोबऱ्याचं कोरडं तोंडीलावणं) आणि गरम भात. घरगुती खाणावळीत कुर्ल्या (खेकडे) किंवा तिसऱ्यांची एकशिपी (एकाच शिंपीत ठेवून केलेल्या शिंपल्या) हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवा. दुपारी दीडला येऊन घाई केली तर मिळणार नाही. सोमवारी, संकष्टीला काही घरांत मासे शिजतच नाहीत, तेही आधी विचारलेलं बरं.

अख्खा मासा मागवताना दराच्या जागी "साइजप्रमाणे" लिहिलेलं असेल तर मासा आधी बघा आणि भाव तिथेच ठरवा, म्हणजे बिलावरून वाद होत नाही. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येणारं असावं.

सगळंच रवा फ्राय मागवणारे तर हमखास फसतात. रव्याच्या जाड थराखाली शिळा मासाही खपून जातो. माझ्या मते स्वयंपाकीण कळते ती वाटीतल्या सारावरून. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात, तिरफळं (कोकणातला एक मसाला) असतात. ती चावायची नसतात, बाजूला काढायची. चावलीत तर जीभ बधिर होते. तिरफळ नसतानाही बांगडा किंवा कुपा (ट्यूना) जिभेला चुरचुरला, मिरमिरला तर मात्र तो ताटातच ठेवा. पकडल्यावर नीट थंड न ठेवलेल्या अशा माशांत हिस्टामिन तयार होतं. तळून-शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. श्वासाला त्रास झाला तर तडक दवाखाना गाठा.

काट्यांचं म्हणाल तर करली चवीला अप्रतिम, पण सवय नसेल तर वाटेला जाऊ नका. मुलांना सुरमईची तुकडी द्या, मधला काटा काढला की काम झालं. घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा उपाय सगळेच सांगतात. तो करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून बघा, आणि टोचणं थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.